वझ्झरच्या वाटेवर : आमच्या मागे याचे कोण?

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालेली एस.टी. शहर सोडते न सोडते तोच वलगाव येते आणि पेढी नदीचा पूल लागतो. याच पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विश्वासाने बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती देणारा हा संत आयुष्यभर आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीत बसवून जेवू घालत फिरला. पुढे आसेगावला पूर्णा नदी ओलांडली की संत्र्यांच्या बागा सुरू होतात. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि मधूनच संत्र्यांचे ढीग. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग हळूहळू वर येऊ लागते. साधारण पन्नास किलोमीटरनंतर परतवाडा. लाकडाच्या बाजारपेठेसाठी आणि चिखलदऱ्याला जाणाऱ्या प्रवाशांसाठी हे गाव सर्वांना माहीत आहे. आम्ही मात्र चिखलदऱ्याला निघालो नव्हतो. आम्हाला जायचे होते डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वझ्झरला.

डिसेंबर २०२४ मधली ही गोष्ट. आम्ही चौघे होतो. मी, आमच्या वस्तीतील एक भाऊ, वहिनी आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा. भाऊ एका शाळेत शिपाई आहेत, वहिनी शिवणकाम करतात. मुलगा स्वमग्न आहे आणि त्याला बौद्धिक अक्षमताही आहे. बोलणे जवळजवळ नाही. हातात डब्याचे एक झाकण असते, ते तो बोटांवर फिरवत राहतो. एस.टी.चा हॉर्न वाजला की दोन्ही कानांवर हात ठेवतो. खिडकीची जागा मिळाली तर दोन तास शांत बसतो, नाही मिळाली तर सारी गाडी त्याच्याकडे पाहू लागते. वाहकाने त्याचे सवलतीचे तिकीट दिले आणि काही न विचारता खिडकीजवळच्या बाईंना जागा बदलायची विनंती केली. अशी माणसेही असतात, हे लिहून ठेवले पाहिजे.

हा प्रवास कशासाठी, ते वहिनींच्या एका वाक्यात सांगता येईल. एके दिवशी विहारातून परतताना त्या म्हणाल्या, "भाऊ, आज आमी आहो. आमच्या मागं याले कोन पाहीन?"

वाचकहो, हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची संख्या पंधरा लाखांच्या वर नोंदली गेली. स्वमग्नांची तर तेव्हा वेगळी नोंदच झाली नाही, कारण १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता हा प्रकारच नव्हता. तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला. तेव्हा खरा आकडा याहून बराच मोठा असणार. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत अशी दोन-चार घरे असतातच. फरक एवढाच की ती माणसे आपल्याला दिसत नाहीत. ती घराच्या आतल्या खोलीत असतात.

आधी पाहिलेले एक वसतिगृह

वझ्झरला जाण्यापूर्वी दोन महिने आम्ही एक खासगी निवासी संस्था पाहिली होती. तिचे नाव आणि गाव येथे देत नाही, कारण एका संस्थेवर बोट ठेवून विषय संपवायचा नाही. इमारत चांगली होती. दर्शनी भागात थोर पुरुषांच्या तसबिरी, खाली देणगीदारांची नावे, फरशी नुकतीच पुसलेली. कार्यालयात चहा आला. शुल्क दरमहा सहा हजार रुपये सांगितले. भाऊ माझ्याकडे पाहू लागले. जमेल, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

मी बी.कॉम. झालेला कारकून आहे. बावीस वर्षे आवक-जावक आणि हजेरीपट सांभाळतो. त्यामुळे भिंतीपेक्षा रजिस्टरकडे माझे लक्ष आधी जाते. टेबलावर हजेरीपट उघडा होता. पन्नास निवासी, आणि सांभाळणारे मिळून चौघे. रात्रपाळीला एकच माणूस, तोच चौकीदारही. मी विचारले, "रात्री दोघे एकदम आजारी पडले तर?" व्यवस्थापक म्हणाले, "तशी वेळ येत नाही हो. रात्री कुलूप असते."

आत गेलो. सर्वांचे केस सारखेच, बारीक कापलेले. कपडे एका ढिगातून आलेले, कुणाचा सदरा कुणाच्या अंगात. दुपारचे तीन वाजले होते आणि एका लांब खोलीत वीस-पंचवीस मुले-माणसे भिंतीला टेकून नुसती बसलेली. टी.व्ही. मोठ्याने चालू होता, तो कुणी पाहत नव्हते. एक जण कपाळ भिंतीवर हळूहळू आपटत होता. मी विचारले, तर उत्तर आले, "त्याची सवयच आहे. फार झाले तर गोळी देतो, मग झोपतो." डॉक्टरांनी शेवटचे कधी पाहिले, हे सांगता आले नाही.

वहिनी मात्र त्या मुलाजवळ गेल्या आणि त्याच्या गालाला हात लावून पाहिला. गाल सुजलेला होता. त्याची दाढ दुखत होती. ज्याला बोलता येत नाही तो दुखणे असेच सांगतो, हे त्या माउलीला सतरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होते. भेटीची वेळ विचारली. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी दोन ते चार, तेही कार्यालयाच्या खोलीत. परतीच्या वाटेवर भाऊ एक शब्द बोलले नाहीत.

वझ्झर

वझ्झर हे अचलपूर तालुक्यातील छोटे गाव. जवळच सापन नदीवर धरण आहे, त्यापलीकडे मेळघाटचे जंगल. येथे स्व. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचे, दिव्यांग आणि बेवारस मुलांचे बालगृह आहे. ते उभे केले शंकरबाबा पापळकर यांनी. गाडगेबाबांप्रमाणे तेही परीट समाजात जन्मले. पूर्वी ते 'देवकीनंदन गोपाला' हे नियतकालिक चालवीत. गाडगेबाबांच्या कीर्तनात ज्यांनी तो गजर ऐकला असेल त्यांना हे नाव कोठून आले ते सांगायला नको. जानेवारी २०२४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली.

येथील मुले रेल्वे स्थानकावर, बसस्थानकावर, उकिरड्यावर टाकून दिलेली होती. कुणी मतिमंद, कुणी मूकबधिर, कुणी दृष्टिहीन, कुणाला यातले दोन-तीन प्रकार एकत्र. संख्या सव्वाशेच्या आसपास. प्रत्येकाच्या नावापुढे वडिलांचे नाव शंकरबाबा आणि आडनाव पापळकर. सरकारी कागदावर 'अज्ञात' या शब्दाचा अर्थ काय होतो ते मला माझ्या नोकरीमुळे ठाऊक आहे. ज्याच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिले जाते त्याचा अर्ज पुढे सरकत नाही. एका माणसाने आपले नाव देऊन या साऱ्यांचा रकाना भरला. आपल्या लोकांना नावाचे आणि आडनावाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हे चढली होती, पण आवारात सावली होती. ही झाडे येथील मुलांनीच लावली आणि जगवली आहेत. एकेकाळी उजाड असलेल्या माळावर आज हजारो झाडे उभी आहेत. ज्यांना समाजाने 'काही कामाचे नाहीत' म्हणून फेकून दिले, त्यांनी हे काम केले. मोठी झालेली मुले-मुली लहानांना भरवतात, आंघोळ घालतात, हात धरून नेतात. ज्याला ऐकू येत नाही तो ज्याला दिसत नाही त्याला वाट दाखवतो.

आमचा मुलगा नव्या जागेत सहसा घाबरतो. येथे थोडा वेळ कानावर हात ठेवून उभा राहिला. मग एका झाडाखाली जाऊन बसला आणि झाकण फिरवू लागला. त्याच्याहून मोठा असलेला एक जण आला, शेजारी बसला आणि नुसता त्याच्याकडे पाहत राहिला. कुणी 'अरे, असे करू नको' म्हटले नाही. अर्ध्या तासाने वहिनी म्हणाल्या, "इथं कोनी हासलं नाही याले."

येथून मुले घडून बाहेरही गेली आहेत. कित्येकांची लग्ने झाली. डिसेंबर २०२० मध्ये येथील एका मुलीचे कन्यादान राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी नागपूरला केले, ती बातमी अनेकांना आठवत असेल. येथेच वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ साली लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. म्हणजे ती आता माझ्याच खात्यातली, माझ्याच पंगतीची! मला याचा फार आनंद झाला.

भाऊ-वहिनींना अर्थातच हे ठाऊक होते की येथे त्यांच्या मुलाला ठेवता येणार नाही. हे घर ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी आहे. त्यांना फक्त पाहायचे होते की अशा मुलांना सांभाळण्याची चांगली रीत असते तरी कशी. ती त्यांनी पाहिली.

अठरा वर्षांची रेघ

पण वझ्झरची गोष्ट येथे गोड शेवट करून थांबवता येत नाही. बालन्याय कायद्याने मूल म्हणजे अठरा वर्षांपर्यंत. अठरा पूर्ण झाली की बालगृहाचा दरवाजा बंद. त्यानंतर अनुरक्षण म्हणून जी तरतूद आहे तीही साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंतच. धडधाकट अनाथ मुलालाही हे कठीण जाते. मग ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, भूक लागली हे सांगता येत नाही, तो अठराव्या वाढदिवशी अचानक कोणता शहाणा होणार? त्याचे शरीर वाढले, गरज तीच राहिली.

म्हणूनच शंकरबाबा वर्षानुवर्षे एकच मागणी करीत आले आहेत. बेवारस, मतिमंद आणि बहुविकलांग मुलांना अठरा वर्षांनंतरही आजीवन त्याच घरात राहता यावे, असा कायदा करा. सत्कार त्यांना पुष्कळ मिळाले. अमरावती विद्यापीठाने मानद डी.लिट. दिली, सरकारने पद्मश्री दिली. कायद्याची मागणी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा करावी लागली.

आवारात फिरताना माझ्या मनात आले, वहिनींचा प्रश्न आणि बाबांची मागणी वेगळी नाही. आई विचारते, 'माझ्या मागे याचे कोण?' आणि सव्वाशे मुलांचा बापही तेच विचारतो आहे. एका मोठ्या मनाच्या माणसावर उभे असलेले घर हे पुण्याचे काम असेल, पण ती व्यवस्था नव्हे. आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे की माणसाच्या दयेवर नव्हे, हक्कावर उभे राहावे. दिव्यांगांच्या बाबतीतही तेच खरे आहे.

पन्नास माणसांचा हिशेब

आता थोडे आकडे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी घरी येऊन कागदावर मांडणी केली. ही सरकारी नव्हे, माझी स्वतःची आहे.

समजा एका संस्थेत पन्नास निवासी आहेत. दिवसा पाच जणांमागे एक सांभाळणारा आणि रात्री दहा जणांमागे एक, एवढे तरी हवे. म्हणजे सकाळपाळी दहा, दुपारपाळी दहा, रात्री पाच, एकूण पंचवीस. त्यांना आठवड्याची एक सुटी द्यायची तर तीस माणसे लागतात. प्रत्येकी बारा हजार रुपये पगार धरला तर महिना ३,६०,००० रुपये. म्हणजे एका निवाशामागे नुसत्या सांभाळणाऱ्यांचा खर्च ७,२०० रुपये. जेवणाचे रोजचे शंभर धरले तर आणखी ३,०००. झाले १०,२००. अजून वीज, औषध, डॉक्टर, कपडे, इमारत बाकीच आहे.

आता ती सहा हजारांची संस्था पाहा. चार सांभाळणारे, म्हणजे ४८,००० रुपये पगार, म्हणजे माणशी ९६० रुपये. स्वस्ताई कोठून आली, ते येथे कळते. जेवण फार कमी करता येत नाही, वीज फार कमी करता येत नाही. कमी करता येतात ती माणसे. आणि जेथे माणसे कमी होतात तेथे कुलूप माणसाचे काम करू लागते. गोळी माणसाचे काम करू लागते. मोठ्या आवाजातला टी.व्ही. माणसाचे काम करू लागतो. संचालक दुष्टच असतो असे नाही. पण चार माणसांनी पन्नास जणांना सांभाळायचे म्हटले की चांगला माणूसही तिसऱ्या महिन्यात ओरडू लागतो आणि सहाव्या महिन्यात नोकरी सोडतो. स्वमग्न मुलाला नवा चेहरा म्हणजे नवी भीती. माणसे सतत बदलत राहिली की मूल बिथरते, बिथरले की मारले जाते.

दुसराही हिशेब करून पाहिला. दहाच निवाशांचे छोटे घर असेल तर? सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री एक, सुट्या धरून सहा माणसे. पगार ७२,०००. माणशी पुन्हा ७,२०० रुपयेच! म्हणजे मोठी संस्था स्वस्त आणि छोटे घर महाग, हा समज निदान सांभाळणाऱ्यांच्या बाबतीत खरा नाही. मोठी संस्था स्वस्त होते ती माणसे कापल्यामुळे.

बंद दारामागे

कुलपामागे काय घडू शकते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. २०१० साली ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील कवडासच्या मतिमंद मुलांच्या बालगृहात कुपोषणाने मुले दगावल्याच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातील अशा बालगृहांची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. त्यानंतर २०११ साली पनवेलजवळच्या एका संस्थेतील मतिमंद मुलींवरील अत्याचार उघड झाले आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह आरोपींना दोषी ठरवले. त्या मुलींना न्यायालयात काय बोलता येणार? पण बाहेरची माणसे आत गेली, त्यांनी विचारले, मुलींनी जमेल तसे सांगितले.

सरकारी संस्थेतही हमी नाही. दिल्लीच्या रोहिणी भागातील 'आशा किरण' या सरकारी निवासगृहात जुलै २०२४ या एका महिन्यात चौदा जणांचा मृत्यू झाला. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे तेथे कोंबलेली होती. देशाच्या राजधानीत ही अवस्था, तर आडगावात काय असेल?

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. आत राहणाऱ्याला तक्रार करता येत नाही. म्हणून अशा संस्थेचा दर्जा आत राहणाऱ्यांच्या सहनशक्तीवर ठरता कामा नये. तो बाहेरून कोण, किती वेळा आणि न सांगता आत जातो यावर ठरतो.

संस्था पाहताना काय पाहावे?

भगिनींनो आणि बंधूंनो, तुमच्यापैकी कुणावर आपल्या मुलासाठी, भावासाठी, बहिणीसाठी निवासी संस्था शोधण्याची वेळ आली, तर इमारत पाहून परत येऊ नका. आम्ही तिघांनी मिळून काढलेली ही यादी जवळ ठेवा.

पहिले, न सांगता जा. जेवणाच्या वेळी जा, आणि एकदा संध्याकाळनंतर जा. रात्रपाळीला किती माणसे आहेत ते स्वतः मोजा. भेटीला महिन्यातून एकच दिवस देणारी संस्था काहीतरी झाकत असते, असे समजून चौकशी करा.

दुसरे, कपडे पाहा. प्रत्येकाचे स्वतःचे कपडे, स्वतःचे ताट-पेला, स्वतःची छोटी पेटी आहे का? आमच्या मुलाचे झाकण त्याच्या हातात राहू देतील की 'घाण आहे' म्हणून फेकतील? एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ कळते.

तिसरे, दुपारी तीन वाजता लोक काय करतात ते पाहा. कुणी भाजी निवडतो आहे, कुणी झाडांना पाणी घालतो आहे, कुणी फेरफटका मारतो आहे, तर ते घर आहे. सारे भिंतीला टेकून बसले असतील तर तो कोंडवाडा आहे.

चौथे, संडास आणि न्हाणीघर पाहा. दाराला आतून आडोसा आहे का? मुलींची आंघोळ बायाच घालतात का? बोलता न येणाऱ्या मुलीचीही अब्रू असते.

पाचवे, औषधांची नोंदवही मागा. कोणती गोळी, कुणी लिहून दिली, कधीपासून? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी दिली जात असेल तर मुलाला तेथे ठेवू नका.

सहावे, नोंदणी प्रमाणपत्र पाहा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय दिव्यांगांची संस्था चालवता येत नाही आणि ते प्रमाणपत्र सर्वांना दिसेल असे लावावे लागते. त्यावरची मुदतही वाचा.

आणि एक काम घरीच करा. एका वहीत आपल्या मुलाची माहिती लिहून ठेवा. काय आवडते, कशाची भीती वाटते, पोट दुखले की काय करतो, दात दुखला की काय करतो, झोप येण्यासाठी काय लागते. वहिनींनी अशी वही लिहायला घेतली आहे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे, पण त्या वहीतले ज्ञान कोणत्याही डॉक्टरच्या फाईलमध्ये मिळणार नाही. आई गेल्यावर ते ज्ञान आईबरोबर जाऊ नये, म्हणून ती वही.

कागदपत्रे वेळेत करा

मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने आई-वडीलही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना माहीत नसते. बँकेत किंवा कचेरीत अडल्यावर कळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तेथे अर्ज करावा. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण मिळते. प्रौढांच्या आजीवन निवासासाठी 'घरौंदा' नावाची योजनाही आहे, पण गरजेच्या मानाने केंद्रे फारच थोडी. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र आधी काढा, पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. आणि संस्थेत मारहाण किंवा छळ होत असल्याचे कळले तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे कुणीही तक्रार करू शकतो. नातेवाईक असण्याची अट नाही. गेटबाहेरच्या पानठेलेवाल्यालाही तो अधिकार आहे.

आपण काय करू शकतो?

सारा भार सरकारवर टाकून मोकळे होता येणार नाही, आणि सारा भार आई-बापांवर टाकूनही चालणार नाही. पालकांनी एकत्र येऊन काम उभे केल्याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. बदलापूरला माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने पालकांची 'आधार' ही संघटना उभी राहिली आणि तिने प्रौढ मतिमंदांसाठी आजीवन निवास सुरू केला. पुढे नाशिकलाही शाखा झाली. डोंबिवलीजवळ खोणी येथे 'अमेय पालक संघटने'चे घरकुल आहे. तेथेही सुरुवात 'आमच्या मागे काय?' याच प्रश्नाने झाली. हे पालक एकमेकांना शोधत गेले, म्हणून ते झाले.

आपल्या वस्त्यांत मात्र अशी घरे एकमेकांना ओळखतही नाहीत. पौर्णिमेला विहारात सारे कुटुंब येते, पण ते मूल येत नाही. लोक हसतील, वंदनेच्या वेळी ते मोठ्याने ओरडेल, या भीतीने आई घरीच थांबते. म्हणजे मूल घरात कोंडले जाते आणि आईही. संस्थेच्या कुलपाला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या दारांचाही विचार करायला हवा. मूल ओरडले तर ओरडू द्यावे, वंदना पाच मिनिटे उशिरा झाली तर काही बिघडत नाही. ज्या धम्माने करुणा सांगितली त्याच्या विहारात या मुलांना पहिली चटई मिळायला हवी.

आमच्या वस्तीत आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. विहाराच्या नोंदवहीत अशा घरांची यादी केली, अकरा घरे निघाली. शेजारी राहूनही त्यातली चार आम्हाला ठाऊक नव्हती. महिन्यातून एका रविवारी दुपारी दोन तास तरुण मुले-मुली या मुलांसोबत बसतात, तेवढ्यात आयांना थोडी मोकळीक मिळते. आणि जवळच्या निवासी संस्थेला दर महिन्याला दोघांनी न सांगता भेट द्यायची, अशी पाळी लावली आहे. पहिल्या भेटीत आम्हाला गेटवरच थांबवले. दुसऱ्या भेटीत आत घेतले. तिसऱ्या भेटीत तेथला एक मुलगा आमच्यातल्या एका कार्यकर्तीला ओळखून हसला.

भाऊ-वहिनींच्या मुलाला मार्चमध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे. अकरा घरांपैकी सहा घरे दरमहा थोडी बचत एकत्र ठेवू लागली आहेत. दहा जणांच्या छोट्या घराचा माझा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला आहे. ते घर होईल की नाही, किती वर्षांनी होईल, हे आज सांगता येत नाही. तोवर तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत अशी किती घरे आहेत याची यादी या पौर्णिमेला विहारात करा. आणि जवळ एखादी निवासी संस्था असेल तर येत्या रविवारी, न सांगता, तिच्या गेटवर जाऊन उभे राहा.